कन्फेशनमध्ये (पापनिवेदनात) सांगितलं म्हणजे तक्रार झाली का?

चर्चमधल्या कुणाबद्दल शंका आली की कॅथलिक घरांतून हमखास येणारा प्रश्न: "फादरांना सांगितलंय की, आता अजून कुणाला सांगायचं?" त्यात कोल्हापुरात कॅथलिक कुटुंबं थोडी. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सगळेच ओळखीचे, निम्मे नात्यातले. तोंड उघडलं तर चर्चचं नाव जाईल, ही धास्ती असतेच.

माझ्याकडे आलेलं असंच एक प्रकरण, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. मुलगा तेरा वर्षांचा, मिस्सेला फादरांच्या हाताखाली मदत करणारा वेदीसेवक. क्वायर (चर्चचा गायनवृंद) बसवणारा एक जण त्याला गाडीवरून रंकाळ्यावर न्यायचा, मोबाइलचं रिचार्ज मारून द्यायचा. पुढं रात्रीचे मेसेज सुरू झाले. एकात नको तसला फोटो मागितला होता, आणि खाली "आईला सांगू नको."

मी त्याच्या आईला विचारलं, "ताई, फादरांना कधी सांगितलंत?"

"कन्फेशनला."

घोडं इथंच अडलं होतं. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणापाशीही बोलू शकत नाहीत. चर्चच्या कायद्यात त्याला अपवाद नाही. फादर गप्प, म्हणून ही समजली की ते त्या माणसाला पाठीशी घालतायत. तेच बोलणं बाहेर, ऑफिसात बसून पुन्हा करायला हवं होतं.

तिची दुसरी चिंता: "पुरावा कुठाय मॅडम? खोटं ठरलं तर पाप लागंल मला." मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं (२०१२) १९ वं कलम आईकडून पुरावा मागत नाही. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवावं लागतं. हे तिच्यावर जसं बंधनकारक तसंच माझ्यावरही, आणि ते मी तिला तिथंच सांगितलं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. न कळवणाऱ्याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला, तर एक वर्षापर्यंत.

मुलाला चौकीची पायरी चढावी लागेल, या विचारानं ती रडली. जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, त्याही साध्या कपड्यांत. मुलाचं नाव छापायला बंदी आहे. मेसेज मात्र पुसू नका म्हटलं. रागाच्या भरात बरेच पालक नेमकं तेच करतात.

आरोप धर्मगुरूवर असता, तर पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या, २०२३ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे धर्मप्रांताकडेही (बिशपांच्या कार्यालयाकडे) तक्रार नेता आली असती. ते नियम आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे प्रतिकार करू न शकणाऱ्या प्रौढांनाही लागू आहेत, आणि तक्रारदाराला गप्प राहण्याची अट घालता येत नाही. पण पोलिसांऐवजी चर्च, असं त्यात कुठंही नाही.

आधी पोलिसांत तक्रार झाली. मग ती फादरांना ऑफिसात भेटली. तपास संपेपर्यंत त्या माणसाला मुलांच्या कुठल्याही कामात घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते तिनं लेखी मागून घेतलं.