थायरॉइडची गोळी मोफत, दम्याचा पंप मात्र विकत

प्रश्न : मी 46 वर्षांची असून पाच वर्षांपासून यजमानांसह इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहते. थायरॉइडची आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यावी लागते आणि दर महिन्याला दोन्हींचे पैसे मोजते. थायरॉइड असलेल्यांना औषधे मोफत मिळतात, असे कामावरची मैत्रीण म्हणते. हे खरे आहे का? आधी भरलेले पैसे परत मिळतील का? यजमानांना दमा आणि रक्तदाब आहे. त्यांना सवलत मिळेल का? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : मैत्रीण म्हणते ते खरे आहे, पण ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्या आजारांसाठी औषधांचे शुल्क माफ होते, त्यांच्या यादीत आपला आजार (थायरॉइड ग्रंथी मंद असणे) ‘मिक्सिडीमा’ या जुन्या नावाने नोंदलेला असल्यामुळे यादी वाचूनही अनेकांना तो आपलाच आहे हे उमगत नाही. आपल्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात ‘एफपी 92ए’ हा अर्ज मागावा. आपण तो भरल्यावर तेथील डॉक्टर किंवा अधिकृत कर्मचारी त्यावर सही करून पुढे पाठवतात. प्रमाणपत्र साधारण पाच वर्षे चालते, त्यासाठी उत्पन्न पाहिले जात नाही, आणि एकदा ते हाती आले की केवळ थायरॉइडचीच नव्हे, तर एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) चिठ्ठीवरील कोलेस्टेरॉलची गोळीही मोफत मिळते.

जुन्या पैशांबाबत मात्र निराशा होईल. अर्ज पोहोचण्याच्या एक महिना आधीपासूनच माफी लागू होते, आणि त्या काळातला परतावाही पैसे भरतानाच ‘एफपी 57’ ही पावती मागून घेतली असेल तरच मिळतो, कारण ती नंतर दिली जात नाही. म्हणून अर्ज केल्यावर पुढचे औषध घेताना ती न विसरता मागावी आणि तीन महिन्यांच्या आत परतावा घ्यावा. प्रमाणपत्र येण्याआधीच काउंटरवर ‘मला माफी आहे’ असे सांगून चिठ्ठीमागे सही करू नये. आजार खरा असला तरी शुल्काच्या पाचपट, कमाल 100 पाउंड, दंड होऊ शकतो आणि मूळ शुल्क भरावे लागते ते वेगळेच.

यजमानांना मात्र त्या दोन आजारांसाठी माफी नाही. ही यादी 1968 सालची असून त्यानंतर तिच्यात भर पडली ती फक्त कर्करोगाची, 2009 मध्ये. डॉक्टर असलेल्या सर इयान गिल्मोर यांनी सरकारसाठी केलेल्या अहवालाने 2010 मध्ये सर्वच दीर्घकालीन आजारांना माफी देण्याची शिफारस केली होती, पण पैशाचे कारण पुढे करून ती बाजूला ठेवण्यात आली. वेल्समध्ये 2007 पासून कुणालाच शुल्क नाही, पुढे उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडनेही ते रद्द केले. तेव्हा दम्याच्या रुग्णाने केवळ इंग्लंडमध्ये राहतो म्हणून पंपाचे पैसे मोजावेत, हे आम्हाला तरी पटत नाही.

हा नियम बदलेपर्यंत त्यांनी प्रीपेमेंट सर्टिफिकेट, म्हणजे ठरावीक रक्कम भरून त्या मुदतीतील सर्व औषधांचे शुल्क वाचवणारे प्रमाणपत्र, घ्यावे. मे 2024 पासून प्रत्येक औषधाला 9.90 पाउंड पडतात. म्हणजे दोन पंप आणि रक्तदाबाची गोळी दर महिन्याला घेतल्यास वर्षाला 356.40 पाउंड होतात. त्याच दरपत्रकात वर्षाच्या सर्टिफिकेटची किंमत 114.50 पाउंड आहे आणि ती दहा हप्त्यांतही भरता येते. हे सर्टिफिकेट अर्जाच्या एक महिना आधीच्या तारखेपासूनही सुरू करता येते. या महिन्यात भरलेल्या पैशांची ‘एफपी 57’ त्यांनी घेतली असेल, तर ती जपून ठेवावी.