किडनीचे ऑर्गनॉइड: हात कशावर बसवायचा?

प्रश्न: मी सांगलीत बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत किडनी वाढवतात असं वाचलं. या क्षेत्रात जायचं तर आत्तापासून काय करू?

उत्तर: प्रयोगशाळेत वाढतो तो काही मिलिमीटरचा ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवाची पेशींपासून वाढवलेली छोटी प्रतिकृती. त्यात नेफ्रॉन (रक्त गाळून लघवी बनवणाऱ्या सूक्ष्म नळ्या) असतात, पण रक्त खेळत नाही आणि लघवीला बाहेर पडायला वाट नसते. ऑस्ट्रेलियातल्या मेलिसा लिटल यांच्या गटाने 2015 मध्ये मांडलेल्या ऑर्गनॉइडची जनुकीय घडण गर्भाच्या पहिल्या तिमाहीतल्या किडनीशी जुळते. पुढे आठवडेच्या आठवडे ठेवला तरी पेशी पुरत्या पक्व होत नाहीत. त्या का अडतात, हाच या क्षेत्रातला खरा प्रश्न आहे, आणि तो तुमच्या पिढीसाठी मोकळा आहे.

पद्धत समजून घ्या. आयपीएस पेशींना (कोणत्याही अवयवाच्या पेशी बनू शकतील अशा, मूळ अवस्थेत परत नेलेल्या पेशी) आधी सुमारे 4 दिवस 8 मायक्रोमोलर सीएचआयआर हे त्यांना किडनीच्या वाटेवर वळवणारं रसायन देतात, मग सातव्या दिवसापर्यंत एफजीएफ9 हा वाढघटक (200 नॅनोग्रॅम प्रति मिली) आणि त्याच्या जोडीला हेपारिन. नंतर पेशी सुट्या करून, मोजून, 5 लाखांचा एकेक गोळा सेंट्रिफ्यूजमध्ये 400 जीवर (गुरुत्वाच्या 400 पट जोराने) फिरवून खाली बसवतात आणि पिपेटच्या रुंद तोंडाच्या टिपने अलगद 0.4 मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरवर ठेवतात. माध्यम (पेशींचं पोषक द्रव) फिल्टरच्या खालीच हवं. वर चढलं तर गोळा तरंगून सरकतो. तासभर 5 मायक्रोमोलर सीएचआयआर, 5 दिवस पुन्हा एफजीएफ9, आणि शेवटचे 13 दिवस वाढघटकांशिवाय.

बिघडतं कुठे? सुरुवातीला पेशी फार दाट असल्या तर सीएचआयआरचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. सीएचआयआरचे दिवस कमी-जास्त झाले की संकलक नलिका (लघवी गोळा करणाऱ्या नळ्या) आणि नेफ्रॉन यांचं प्रमाणच बदलतं. मधूनच चेता किंवा स्नायूच्या नको त्या पेशी उगवतात. सगळ्यांत फसवा असतो बॅचमधला फरक: एक बॅच दुसरीपेक्षा जरा जास्त पक्व निघते. म्हणून ऑर्गनॉइडवर औषध तपासताना ते दिलेले आणि न दिलेले ऑर्गनॉइड एकाच बॅचचे घ्यायचे, नाहीतर औषधाचा परिणाम म्हणून तुम्ही बॅचचं वय मोजत बसाल.

आता तुमचं. एम.एस्सी.साठी गॅट-बी किंवा जॅम ही प्रवेशपरीक्षा, पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट ही परीक्षा. एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून सात वर्षं तरी धरा. घरच्यांना हे आजच सांगा. पेशीविज्ञानासाठी पुण्यातलं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) तुम्हाला जवळचं. तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कराच.

कॉलेजात हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचपट्टीवर) पेशी मोजायला शिका. एकच नमुना तीनदा मोजा. आकडे जवळपास येईपर्यंत थांबू नका. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूच्या संसर्गाने माध्यम गढूळ होत नाही, त्यामुळे पीसीआरसारखी (डीएनए शोधणारी) चाचणी केल्याशिवाय तो कळत नाही, हे लक्षात असू द्या. आणि आर ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा शिका. ऑर्गनॉइडमधल्या एकेका पेशीचा आरएनए डेटा जिओ (GEO) या ऑनलाइन संग्रहात फुकट आहे. एक संच उतरवून त्यात पोडोसाइट (नेफ्रॉनच्या गाळणीवरच्या पेशी) शोधा: एनपीएचएस1 आणि डब्ल्यूटी1 ही जनुकं जिथे एकत्र चमकतात, तिथे त्या असतात.