जुन्या फोनसाठी व्हिडिओ बारीक करताना

बाबांच्या कीपॅडवाल्या फोनवर लग्नाचा व्हिडिओ चालत नाही म्हणतोस, त्यात फोन बिघडलेला नाही. फाइलच्या नावात एमपी४ खोडून ३जीपी (जुन्या फोनांचा फाइल प्रकार) लिहिलंस तरी उपयोग शून्य, आतला कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत, तोच राहतो. (हा उद्योग मीही करून बसलोय.)

आधी स्क्रीन किती पिक्सेलची आहे ते बघ. ३२० बाय २४० असेल तर त्याहून मोठा व्हिडिओ देण्यात अर्थ नाही, फोन बिचारा उगाच धापा टाकतो. रुंद चित्र असेल तर ३२० बाय १८० कर. एमपी४ मध्ये एच.२६४ हा कोडेक निवड, पण त्याचं प्रोफाइल (किती गुंतागुंतीने दाबायचं ती पातळी) साधं 'बेसलाइन'च हवं. 'हाय' ठेवलंस तर असे फोन बहुधा अडतात, कधी आवाज येतो आणि चित्र काळं. व्हिडिओला ३०० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट), आवाजाला एएसी या कोडेकमध्ये ६४ केबीपीएस, सेकंदाला २० फ्रेम पुरेत. या हिशेबाने तासाला साधारण १६४ एमबी. हँडब्रेक या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात जमतं.

तरीही नाहीच चाललं तर ३जीपी कर: चित्राला जुना कोडेक एच.२६३, आकार १७६ बाय १४४, आवाजाला एएमआर कोडेक. चित्र भुरकट दिसेल. एएमआर मुळात बोलण्यासाठी बनवलेलं, त्यामुळे सनईची पार वाट लागते, हे बाबांना आधीच सांगून ठेव. हँडब्रेक ३जीपी करत नाही, त्याला एफएफएमपेग हे दुसरं सॉफ्टवेअर लागेल.

आणि हो, तीन तासांची फाइल एकदम लावू नकोस. मिनिटभराचा तुकडा करून फोनवर चालवून बघ. मूळ फाइल मात्र पुसू नकोस, बारीक केलेल्यातून ती परत मिळत नाही.