ट्रेडमार्क रिन्यू करताना ब्रँड वापरात असल्याचा पुरावा द्यावा लागतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की सासूबाईंच्या नावावर मसाल्याच्या ब्रँडचा ट्रेडमार्क आहे, अर्ज जून 2016 चा, सर्टिफिकेट फेब्रुवारी 2018 चं, क्लास 30 मध्ये मसाले आणि क्लास 29 मध्ये लोणची (क्लास म्हणजे नोंदणीतला मालाचा वर्ग). लॉकडाऊनला धंदा बंद पडला तो 2023 च्या दिवाळीला परत सुरू केला, आणि आता अमेरिकेतला भाऊ म्हणतोय की वापराचा पुरावा दिला नाही तर नोंदणी रद्द होईल.

मी फोर्टमध्ये एका ट्रेडमार्क अटर्नीकडे कागदपत्रांचंच काम बघते, त्यामुळे आधी घाबरणं थांबवा. भाऊ सांगतोय तो तिकडचा नियम आहे. अमेरिकेत नोंदणीनंतर पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या मध्ये मार्क वापरात असल्याचं डिक्लेरेशन द्यावं लागतं, सोबत लेबलचा किंवा पॅकेटचा फोटो, आणि पुढे दर दहा वर्षांच्या रिन्यूअलला परत तेच. आपल्याकडे रिन्यूअलला कुणी पुरावा मागत नाही. फॉर्म टीएम-आर भरायचा, ऑनलाइन फी एका क्लासला 9,000 रुपये, दहा वर्षं वाढली. ही दहा वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, सर्टिफिकेटच्या नाही, म्हणजे तुमची मुदत जून 2026. ती चुकली तर पुढचे सहा महिने जादा फी भरून होतं.

पण फी भरली म्हणजे मार्क सुरक्षित झाला असं अजिबात समजू नका. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम 47 वाचा. मार्क रजिस्टरवर चढल्यापासून सलग पाच वर्षं किंवा जास्त खराखुरा वापर झाला नसेल तर ज्याला त्या मार्कची अडचण होतेय तो रजिस्ट्रारकडे किंवा हायकोर्टात तो काढून टाकायचा अर्ज करू शकतो. आणि अर्ज आलाय कळल्यावर घाईघाईने चार पाकिटं विकून उपयोग नाही, कारण अर्जाच्या आधीचे तीन महिने धरतच नाहीत.

आता तुमचा हिशोब करा. मार्च 2020 ते दिवाळी 2023, म्हणजे खंड साधारण साडेतीन वर्षांचा, पाच वर्षं भरत नाहीत. म्हणून मसाल्याचं मला तितकं टेन्शन वाटत नाही, फक्त त्या दिवाळीची विक्री कागदावर दाखवता आली पाहिजे, तुमचं सगळं तिथे अडकलंय. लोणची मात्र तुम्हीच लिहिलंय की कधी विकलीच नाहीत, तर अडचण होणारा कुणीही तो क्लास उडवू शकतो. चारमिनार सिगारेटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये हेच सांगितलं, नोंदणी तंबाखूच्या सगळ्या मालासाठी होती पण कंपनी सिगारेटच बनवत होती, मग नोंदणी सिगारेटपुरतीच राहिली. खरंच लोणची काढायची असतील तर आता काढा, नाहीतर त्या क्लासचे 9,000 वाचवा.

पुराव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोकांचं घोडं इथेच अडतं. लोक बिलांचा गठ्ठा घेऊन येतात आणि बिलावर लिहिलेलं असतं "मसाला 200 ग्रॅम", वर फर्मचं नाव, ब्रँडचा पत्ताच नाही. त्यावरून मसाला विकला गेला एवढंच दिसतं, या ब्रँडचा विकला गेला हे दिसत नाही. बिलाच्या ओळीत ब्रँडचं नाव आलंच पाहिजे, आजपासून सॉफ्टवेअरमध्ये आयटमचं नावच तसं टाका. दादरच्या प्रदर्शनात स्टॉल लावला असेल तर त्याची पावती आणि तारीख दिसेल असा फोटो. लेबल छापणाऱ्याचं बिल फार कामाचं, त्यावर नाव, तारीख, नग सगळं असतं. पॅकेटचा फोटो काढाल तर पुढची बाजू काढून थांबू नका, मागे पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर असतो तोही घ्या. आणि छोट्या मशीनची ती थर्मल बिलं वर्षा-दोन वर्षांत पांढरी पडतात, हातात काहीच उरत नाही, म्हणून लगेच स्कॅन करून ठेवा. दरवर्षी एप्रिलमध्ये मागच्या वर्षाची थोडी थोडी बिलं वेगळ्या फाइलला लावा, सगळी नकोत, पण एकही वर्ष कोरं नको.

अजून एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मार्क सासूबाईंचा पण जीएसटी आणि एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचं लायसन्स) नवऱ्याच्या फर्मच्या नावावर. घरचंच आहे म्हणून सोडू नका. मालकाच्या लेखी संमतीने दुसऱ्याने केलेला वापर मालकाचाच धरतात, पण लेखी पाहिजे, तेव्हा स्टॅम्पपेपरवर साधा करार करून घ्या, मागची तारीख टाकायच्या भानगडीत मात्र पडू नका.

लॉकडाऊनचं कारण चालेल का विचारलंत. कायद्यात विशेष परिस्थितीची सूट आहे पण ती त्या व्यापारातली अडचण असावी लागते, आपल्याकडे पैसे नव्हते हे चालत नाही. हार्डी ट्रेडिंगच्या केसमध्ये 2003 ला सुप्रीम कोर्टाने आयातीवरचे सरकारी निर्बंध अशी विशेष परिस्थिती म्हणून धरले होते. तुम्हाला बहुतेक तिथपर्यंत जावंच लागणार नाही, 2023 च्या दिवाळीची बिलं सापडतायत का ते आधी बघा आणि इथे कमेंटमध्ये सांगा.