भाऊ डिप्रेशनच्या गोळ्यांवर आहे आणि आयाहुआस्का घ्यायला निघालाय – सांगलीहून उत्तर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. भाऊ पुण्यात नोकरीला, डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्रॅम चालू, मित्रानं आयाहुआस्का, म्हणजे अॅमेझॉनकडचा भास घडवणारा काढा, पिण्याच्या सेरेमनीचं डोक्यात भरवलंय, आयोजक म्हणतात चार दिवस आधी गोळ्या बंद करा बास, आणि तुम्ही विचारताय की झाडाचंच औषध आहे तर कायद्यात बसतं का आणि धोका कितपत. आमच्या धाकट्या भावाच्या बाबतीत हेच झालं, फक्त आम्हाला ते घडून गेल्यावर कळलं. तुम्हाला आधी कळलंय, ही लई मोठी गोष्ट आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. विश्रामबागला इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. पण त्या प्रकरणानंतर या विषयावर जेवढं वाचलंय आणि डॉक्टरांना जेवढं विचारून भंडावलंय तेवढं क्वचितच कुणी केलं असेल. डिप्रेशन खरं असतं का, गोळ्यांची सवय लागते का, यात मी शिरत नाही, ते तुम्हाला माहीत असणार.

मुद्दा हा की आयाहुआस्का ही एक वनस्पती नाही, दोन आहेत, आणि तुमच्या भावाला जास्त धोका ज्या दुसरीचं कुणी नाव घेत नाही तिच्यापासून आहे. भास होतात ते डीएमटी नावाच्या द्रव्यामुळं, ते एका झुडपाच्या पानात असतं. पण नुसती पानं उकळून प्यायली तर काही होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात एमएओ नावाचं एन्झाइम असतं, ते डीएमटीचा तिथंच निकाल लावतं. म्हणून सोबत एक वेल उकळतात. त्या वेलीत हार्मिन वगैरे द्रव्यं असतात, ती या एन्झाइमला काही तास अडवून धरतात. आता हेच एन्झाइम मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाचाही निचरा करतं. आणि तुमच्या भावाची गोळी काय करते, तर सेरोटोनिन वाढवते. म्हणजे एकीकडं मोटर चालू आणि दुसरीकडं गटार तुंबवलेलं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. ताप चढतो, घाम फुटतो, छाती धडधडते, अंग आणि पाय आपोआप झटके देतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. वेळेत उपचार नाही मिळाले तर जीव जातो.

"चार दिवस आधी बंद करा" हे तर मला सगळ्यात भयानक वाटतं. एमएओ अडवणारी औषधं सुरू करण्याआधी साधारण दोन आठवडे अंतर ठेवायचं असा डॉक्टरांचा नियम आहे, आणि फ्लुऑक्सेटिन ही डिप्रेशनची दुसरी गोळी असेल तर पाच आठवडे, कारण ते अंगातून जायलाच तेवढा वेळ घेतं. आमचा धाकटा फ्लुऑक्सेटिनवर होता आणि त्याला सांगितलं होतं तीन दिवस! फॉर्म भरून घेतला होता, गोळीचं नावसुद्धा लिहून घेतलं होतं, आणि तरी तीन दिवस. आणि दोन आठवडे थांबलं की झालं असंही समजू नका, कारण गोळी एकदम तोडली की डिप्रेशन परत उसळतं, ते वेगळंच संकट. खोकल्याच्या काही सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, दुखण्यावर ट्रामाडॉल देतात, ही दोन्हीसुद्धा सेरोटोनिन वाढवणारी, याच भांडणातली आहेत. लिथियम (बायपोलरवर देतात ती गोळी) चालू असेल तर फिट येण्याचा धोका. आणि घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर मी म्हणेन या वाटेला आयुष्यात जाऊच नये.

झाडाचं आहे म्हणून सौम्य, हे डोक्यातनं काढा. पेरूकडं काही ठिकाणी या काढ्यात ब्रुगमॅन्सिया नावाचं झाडही घालतात, ते आपल्या बांधावरच्या धोतऱ्याचं सख्खं भावंड. धोतरा काय करतो ते आपल्याकडं शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. बाटलीत काय उकळलंय ते पिणाऱ्याला कळत नाही, देणाऱ्याला तरी कळतं का कुणास ठाऊक.

मी त्या परंपरेला नावं ठेवत नाहीये हां. अॅमेझॉनच्या जंगलातल्या लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. रिचर्ड स्प्रूस नावाच्या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञानं १८५२ मध्ये तिकडं ही वेल बघून नोंदवली. बोलिव्हियातल्या एका गुहेत हजारेक वर्षांपूर्वीची, कोल्ह्यांच्या तोंडाच्या कातड्याची शिवलेली पिशवी सापडली, तिच्यात हार्मिन आणि डीएमटी दोन्हींचे अंश निघाले, ते संशोधन २०१९ ला आलं. तिथं ते देणारा माणूस वर्षानुवर्षं शिकलेला असतो, पिणाऱ्याला ओळखत असतो. वीकेंडला फार्महाऊसवर स्पीकर लावून देणाऱ्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. आणि डिप्रेशनवर गुण येतो हे जे फॉरवर्ड फिरतंय, त्यातला ब्राझीलच्या नाताल शहरातला अभ्यास खरा आहे, २९ रुग्ण होते, गुण दिसलाही. पण तो हॉस्पिटलमध्ये, निवडून घेतलेल्या रुग्णांवर, आधीच्या गोळ्या रीतसर थांबवून झाला. आयोजक नेमकं तेवढंच गाळतात.

आता आम्हाला जे सगळ्यात महागात पडलं ते सांगतो. आयाहुआस्काचा अंमल साधारण चार तास, उलट्या-जुलाब तर होतातच, म्हणून तिथल्या लोकांनी धाकट्याला होणारा त्रास "शुद्धी चाललीय" म्हणून बघत ठेवला. मित्रानं घाबरून मला फोन केला तेव्हा रात्र बरीच झाली होती. आम्ही त्याला गाडीत घालून एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. नाव लिहीत नाही. मी काउंटरवर सरळ सांगितलं, काय प्यायलाय, कुठली गोळी चालू होती, सगळं. तिथला माणूस म्हणाला, नशेची केस आहे, आधी पोलीस स्टेशनची चिठ्ठी आणा, मग केस पेपर काढू. पोरगं स्ट्रेचरवर थरथरतंय, अंग भाजतंय, आई बाजूला उभी, आणि हा चिठ्ठी मागतोय. डॉक्टर आतच होते, ते बाहेरसुद्धा आले नाहीत. थर्मामीटर लावला नाही. वरनं सिस्टर म्हणाल्या घरी न्या, सकाळपर्यंत उतरेल. आई तर निघालीच होती त्याला घेऊन घरी.

आजही त्या काउंटरवरनं जाताना माझं डोकं फिरतं. कारण नियम बरोबर उलटा आहे. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच सांगितलंय की जीव धोक्यात असेल तर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करायची असेल तर ती हॉस्पिटलनं करायची असते, नातेवाइकानं चिठ्ठी आणायची नसते. इतक्या वर्षांपूर्वीचा निकाल कॅज्युअल्टीच्या माणसाला माहीत नसेल तर त्याला तिथं बसवतात कशाला? हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर मी तिथं आडवा पडलो असतो, पण डॉक्टरला बाहेर आणला असता. हे वाक्य पाठ करून ठेवा, कुठल्याही इमर्जन्सीत कामाला येतं, अपघातातसुद्धा.

शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या ड्युटी डॉक्टरनी आधी ताप बघितला, पायाचा घोटा वर झटकून बघितला, पाय आपोआप उड्या मारत राहिला, आणि त्यांनी लगेच ओळखलं. आयसीयू, सलाईन, झटके थांबवायची इंजेक्शनं, अंग गार करणं. धाकटा वाचला. पण मधल्या उशिरानं किडनीवर ताण आला, आणि डिप्रेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. नोकरी गेली ती वेगळीच.

कायद्याचं थोडक्यात, आणि पुन्हा सांगतो, वकिलाला विचारा. डीएमटी आपल्या एनडीपीएस, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या, यादीत आहे. नुसता शुद्ध पदार्थ नाही तर त्यापासून केलेली तयारीही त्या व्याख्येत येते, म्हणून "आम्ही काढा देतो, ड्रग नाही" हा युक्तिवाद मला तरी टिकणारा दिसत नाही. सेवन केलं तर कलम २७, पदार्थानुसार सहा महिन्यांपर्यंत किंवा वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जागा दिली तर कलम २५. बाहेरनं पार्सल मागवलं तर आयातीचं कलम, ते त्याहून जड. ब्राझीलनं १९८७ मध्ये धार्मिक वापर मोकळा केला, पेरूनं २००८ मध्ये त्याला सांस्कृतिक वारसा म्हटलं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये एका पंथाच्या बाजूनं निकाल दिला, हे सगळं खरं. पण ते तिकडचं. इथल्या पोलिसाला तो कागद दाखवून उपयोग नाही.

भावाशी बोलताना मात्र पोलिसांची भीती घालू नका, हे माझं ठाम मत. भीती घातली की तो लपवेल, आणि लपवलं की डॉक्टरला खरं कळणार नाही. त्याला विचारा, गोळीनं काय होत नाहीये म्हणून हे हवंय? आमच्या धाकट्याला झोप यायची नाही आणि लग्नाच्या विषयावर गोळीनं काही फरक पडत नव्हता, एवढंच होतं. डॉक्टर बदलून ते निम्मं सुटलं असतं. पुण्यातल्या डॉक्टरकडं त्याच्यासोबत स्वतः जा, सेरेमनीचं नाव घेऊन विचारा, डॉक्टर चिडले तर दुसरे गाठा. मधे रात्री-बेरात्री तो घाबरला किंवा काही उलटसुलट बोलला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि तरीही तो गेलाच, तर गोळीच्या पाकिटाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पाहिजे, कुठं जातोय त्याचं लोकेशन पाहिजे, आणि सोबत जाणाऱ्या मित्राला एवढं बजावा की अंग तापलं किंवा पाय झटके द्यायला लागले तर आयोजकाला विचारत बसू नको, १०८ लाव आणि कॅज्युअल्टीत गोळीचं आणि आयाहुआस्काचं नाव दोन्ही सांग. तारीख जवळ असेल तर इथंच रिप्लाय करा, मिरजेच्या डॉक्टरांचा नंबर मी त्यांना विचारून मेसेजमध्ये देतो.