आरव्हीतलं पहिलं वर्ष: आधी एवढंच बघा

दादा, पन्नाशीत नोकरी सोडून आरव्हीतून, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून, अमेरिका फिरायचा तुमचा बेत मनापासून आवडला, आणि तो जमण्यासारखा आहे. फक्त घर विकायची घाई करू नका. घर भाड्याने द्या, आरव्हीही आधी भाड्याचीच घ्या. निदान महिनाभर तिच्यात राहा, त्यात पावसाचे दिवसही येऊ द्यात.

खरा प्रश्न आरोग्य विम्याचा. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतो ६५व्या वर्षी. तोवरचा विमा आपला आपणच घ्यायचा. बरेचजण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचा कायदेशीर रहिवासाचा पत्ता घेतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. पण कित्येक विमा योजना राज्याबाहेरच्या नेहमीच्या उपचारांचा खर्च देत नाहीत. म्हणून आधी विमा बघा, मग पत्ता ठरवा. ४०१-केमधले, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यातले, पैसे वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढले तर सहसा १० टक्के दंड बसतो, तोही हिशेबात धरा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- फार लांब गाडी घेतात. राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये ती मावत नाही.
- रोज पळतात. इंधन जळतं, माणसं थकतात. बीएलएम या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं, निवांत थांबा.
- संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवतात. पाणी निघून जातं, मैला तळाशी घट्ट बसतो. टाकी भरत आली की मगच उघडा.

सोलर, लिथियम बॅटऱ्या वगैरे नंतर बघू. वहिनींनाही गाडी चालवता आणि मागे घेता आली पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव याच रविवारी सुरू करा.