स्पॅनिशमध्ये 'काय सांगतोस!' आणि 'मुळीच नाही!' हे बोलीभाषेत कसं म्हणतात?

अविश्वासासाठी 'नो मे दिगास!' आणि ठाम नकारासाठी 'नि आब्लार!' ही दोन आधी शिका; पहिलं स्पेन असो वा मेक्सिको, दोन्हीकडे चालतं; दुसरं या अर्थाने स्पेनमध्ये वापरा, कारण मेक्सिकोत त्याचा अर्थ बहुधा 'आता काय करणार' असा होतो. 'नि आब्लार' म्हणजे 'त्यावर बोलायचंसुद्धा नाही', म्हणून साध्या 'नो'पेक्षा ते फार जोरकस. 'नि लोको' म्हणजे वेड लागलं तरी नाही. बोलणारी स्त्री असेल तर 'नि लोका' (हे विसरू नका, लगेच खटकतं). 'छे, काहीतरीच!' या अर्थी स्पेनमध्ये 'आन्दा या!', मेक्सिकोत 'नो मांचेस!'. मात्र मेक्सिकोतलं त्याच अर्थाचं 'नो मामेस' आणि स्पेनमधलं 'मुळीच नाही' या अर्थाचं 'नि दे कोन्या' सर्रास कानावर पडलं तरी शिवराळ आहे, जवळच्या मित्रांपलीकडे वापरू नका; 'नि दे कोन्या'ऐवजी 'नि दे ब्रोमा' (गमतीतसुद्धा नाही) म्हणता येतं.